बारा वर्षे बंद राहणारे देऊळ

नाशिकच्या रामकुंडाला लागून गंगा-गोदावरीचे एक लहानसे देऊळ आहे. ज्या नदीमुळे हे शहर तीर्थक्षेत्र झाले, तिचे हे स्वतःचे देऊळ. पण एरवी भाविकांसाठी ते बंदच असते. गुरू सिंह राशीत आला आणि सिंहस्थाची ध्वजा चढली की त्याचे दार उघडते, साधारण तेरा महिने उघडे राहते आणि ध्वजा उतरली की पुढच्या सिंहस्थापर्यंत मिटते. मागच्या खेपेला १४ जुलै २०१५ रोजी ध्वजा चढली आणि ११ ऑगस्ट २०१६ रोजी उतरली. कपालेश्वर, काळाराम, सुंदरनारायण, नारोशंकराचे रामेश्वर या शेजारच्या देवळांत रोज पूजाअर्चा चालते, आणि ज्या माईच्या काठावर ही सगळी देवळे उभी राहिली तिच्या दाराला मात्र कुलूप. सिंहस्थात भागीरथी गंगा गोदावरीच्या भेटीला येते, तेवढा काळ दोघींचे दर्शन एका जागी घडते, हे श्रद्धेचे उत्तर आहे आणि ते आपल्या जागी पुरेसे आहे. इतिहासाच्या अंगाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या नदीची पूजा तिचे देऊळ बंद ठेवून शतकानुशतके कशी चालू शकली? माझ्या मते याचे उत्तर असे की ही पूजा देवळात कधी नव्हतीच. माणसाला वाहत्या पाण्यापर्यंत पोचवणे, त्याला उतरायला पायरी, थांबायला ओवरी आणि प्यायला पाणी देणे, हीच गोदावरीची पूजा होती. घाट, कुंडे, धर्मशाळा आणि पाणपोया हे या पूजेचे मुख्य अंग. मूर्ती आणि गाभारा नंतरचे. हे मान्य केले तर गेल्या साठ वर्षांत नाशिकमध्ये नदीचे जे झाले त्याचा अर्थ नीट लागतो.

जगात नदीदेवतेची देवळे दुसऱ्याही रीतीने उभी राहिली आहेत, आणि फरक समजायला चीनचे उदाहरण उपयोगी पडते. शांग राजांच्या काळात, म्हणजे आजपासून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, भविष्य पाहण्यासाठी हाडांवर कोरलेल्या लेखांत पीतनदीला बळी दिल्याच्या नोंदी सापडतात. पुढे साम्राज्याने चार मोठ्या नद्यांना राजमान्य देवता ठरवले: यांगत्से, पीतनदी, ह्वाय आणि जी. यांतल्या जी नदीचे देऊळ हनान प्रांतातल्या जीयुआन या गावी, नदीच्या उगमापाशी, इ. स. ५८२ मध्ये सुई घराण्याच्या अमदानीत स्थापन झाले. तो देवळांचा मोठा वाडाच आहे, त्यातला इ. स. ९७३ चा लाकडी महाल अजून उभा आहे. इथे पूजा करायची ती सम्राटाने किंवा त्याने पाठवलेल्या अधिकाऱ्याने, ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या विधीने. ७४७ मध्ये थांग दरबाराने चारही नद्यांना सरदारकीच्या पदव्या दिल्या आणि १०४० मध्ये सुंग दरबाराने त्यांना राजे केले. नदी म्हणजे राज्याच्या उतरंडीतला एक मानकरी होती, तिच्याकडून पावसाची आणि पूर आवरण्याची अपेक्षा होती, आणि देऊळ ही तिची कचेरी होती. आता पुढचा भाग पाहावा. १८५५ मध्ये पीतनदीने आपला बांध फोडला, उत्तरेकडे वळली आणि जी नदीचे खालचे पात्रच गिळून बसली. जीनान, जीनिंग, जीयुआन या शहरांच्या नावांत जी उरली. समुद्राला मिळणारी स्वतंत्र नदी म्हणून ती संपली. तिचे देऊळ मात्र आजही डौलात उभे आहे. देऊळ शाबूत आणि नदी नाही, अशी अवस्था इतिहासात येऊ शकते, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

गोदावरीकाठी राजसत्तेने नदीला पदवी दिल्याचे उदाहरण नाही. राजघराण्याने काय केले ते दगडावर लिहून ठेवले आहे. नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. त्यात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी निवारे, बागा, तळी आणि विहिरी. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा. आणि या नद्यांच्या दोन्ही काठांवर लोकांना बसायला सभा व प्यायला पाणपोया. दानाच्या या यादीत नदीकाठी देवीची मूर्ती बसवल्याचा उल्लेख नाही. यादीतले गोवर्धन आपल्या ओळखीचे आहे. त्या काळी ते एका आहाराचे, म्हणजे जिल्ह्याचे, ठाणे होते आणि तिथे विणकरांच्या श्रेण्या इतक्या भक्कम होत्या की उषवदाताने भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण त्यांच्याकडे कायम ठेव म्हणून व्याजाने ठेवले. आज गंगापूर रोडने पश्चिमेला जाताना, गंगापूर गावाच्या पुढे, याच नावाचे गाव लागते. दोन्ही बाजूंना इमारती, मंगल कार्यालये आणि महाविद्यालये असलेल्या या रस्त्यावर आपण दोन हजार वर्षांच्या एका वस्तीच्या अंगणातून जात असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

त्याच सुमाराच्या वाङ्मयातही हीच खूण दिसते. हालाच्या गाथासप्तशतीत गोदावरी पुन्हा पुन्हा भेटते, पण तिथे ती लोकांच्या रोजच्या जगण्याचा काठ आहे: स्नानाची जागा, शेताची कड, भेटीगाठींचे ठिकाण. नदीचे पावित्र्य विस्ताराने मांडले ते पुराणांनी. ब्रह्मपुराणातले गौतमीमाहात्म्य शंभराहून अधिक अध्यायांचे आहे आणि त्यात काठावरच्या एकेका तीर्थाची कथा येते. गौतम ऋषींची मुख्य कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. दीर्घ दुष्काळ, आश्रमात पिकवलेले धान्य, त्या धान्यावर आलेली गाय, दर्भाच्या काडीने तिचा झालेला मृत्यू, आणि त्या पातकातून सुटण्यासाठी ब्रह्मगिरीवर तप करून शंकराच्या जटेतून आणलेली गंगा. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे, हे उघड आहे. पण ती रचणाऱ्यांनी आपला मुलूख डोळे उघडे ठेवून पाहिला होता. ब्रह्मगिरीवर प्रकटलेली नदी पुन्हा पुन्हा गुप्त होत होती, शेवटी गौतमांनी कुश गवताचा वेढा घालून तिला अडवले, ती जागा कुशावर्त. काळ्या बेसाल्टच्या डोंगरात पाणी असेच वागते. एका थराच्या भेगेतून पाझरते, खाली गडप होते, आणखी खाली पुन्हा झिरपते. गंगाद्वाराला थेंब, कुशावर्ताला कुंड आणि पुढे ओढ्याची नदी हा क्रम डोंगराच्या रचनेतून आला आहे. कथेतल्या ऋषीने नदी आणली, एवढेच करून तो थांबला नाही. तिला धरून ठेवण्याचे कामही त्यालाच करावे लागले. या नदीला पुजणाऱ्याने तिचे पाणी राखायचे असते, हा दंडक तिच्या जन्मकथेतच आहे.

मधली शतके आपण भरभर ओलांडू. यादव, बहामनी, निजामशाही, मोगल अशा सत्ता बदलल्या, मोगलांनी शहराचे नाव गुलशनाबाद केले, पण यात्रा चालू राहिली. आज दिसणाऱ्या रामकुंडाचे बांधकाम १६९६ मध्ये खटावच्या घराण्यातल्या चित्रराव खटावकर यांनी केल्याची नोंद आहे. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. औरंगजेब दक्षिणेत तळ देऊन होता, राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते, मुलूख युद्धाने होरपळत होता, आणि अशा वेळी साताऱ्याकडच्या एका वतनदाराने पैसा खर्चून दूरच्या नाशकात नदीचे पाणी चिरेबंदी कुंडात अडवले. सुमारे ८३ फूट लांब आणि ४० फूट रुंद अशा त्या कुंडात उन्हाळ्यातही स्नान आणि अस्थिविसर्जन व्हावे, हा हेतू उघड दिसतो. मोठे देऊळ बांधायचा काळ नव्हता, हे खरे. तरी जे शक्य होते त्यात त्याने पाण्याला पहिला मान दिला.

पेशवाईत या कामाला भर आला. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. त्यांतली १७२१ सालची एक घंटा १७४७ च्या नारोशंकराच्या देवळावर चढली आणि गोदेचा पूर किती चढला हे सांगण्याची ती एक खूण झाली. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये त्र्यंबकेश्वराचे काम काढले, ते १७८६ पर्यंत चालले. सुंदरनारायण, काळाराम, अहल्याबाई होळकरांचे घाट आणि राममंदिर, रास्ते-विंचूरकर-ओढेकर अशा सरदारांचे वाडे आणि ओवऱ्या, असे करत नदीचे दोन्ही काठ दगडाने बांधले गेले. या साऱ्यात गोपिकाबाईंची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. नानासाहेबांच्या या पत्नीने १७६१ मध्ये पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गमावला, त्याच वर्षी पती गमावला, १७७२ मध्ये माधवराव क्षयाने गेला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. पुण्याच्या राजकारणापासून दूर होऊन त्या नाशिकला, गंगापुरास येऊन राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशकातच वारल्या. त्याच नदीच्या काठी, थोडे खाली, त्यांचे दीर रघुनाथराव यांनी पूर्वीच्या चौंढस गावाला पत्नीच्या नावावरून आनंदवल्ली केले आणि तिथे वाडा बांधला. आनंदवल्ली आणि गंगापूर आज एकाच रस्त्यावर, काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. ज्या भाऊबंदकीने मराठी राज्य पोखरले तिचे दोन्ही पक्ष एकाच पाण्याच्या आश्रयाला आले होते. पुत्रशोकाने पिचलेल्या या बाईने रामकुंडाची दुरुस्ती करवली, अशी नोंद आहे. खर्च मोठा नव्हता. ती पेशव्यांच्या घरातली होती, मनात आणती तर नदीच्या नावाने शिखर उभारू शकली असती. तिने पायऱ्या आणि कुंड नीट करून घेतले.

नदीपर्यंत पोचणे हीच पूजा असेल तर कोण आधी पोचणार, कोणाला पोचू द्यायचे नाही, हा सत्तेचा प्रश्न होतो. १७८९ च्या सिंहस्थात शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात स्नानाच्या मानावरून लढाईच जुंपली. पेशव्यांच्या ताम्रपटाच्या आधारे बारा हजार साधू मेल्याचा आकडा सांगितला जातो. तो अक्षरशः खरा मानायची गरज नाही, पण दंगा लहान नव्हता. पुढे शैव आखाड्यांनी त्र्यंबकला कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करायचे, ही वाटणी रूढ झाली आणि ती आजवर पाळली जाते. भांडण मूर्तीसाठी नव्हते, ते पाण्यात उतरण्याच्या क्रमासाठी होते. दुसरी घटना त्याहून मोलाची आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही काळाराम मंदिरावर गेले. दारे बंद दिसल्यावर मिरवणूक गोदावरीच्या घाटावर आली आणि तिथे सभा झाली. दादासाहेब गायकवाडांनी नेटाने चालवलेला हा लढा पुढे काही वर्षे चालला. देऊळ बंद करता आले. घाटावर जमलेल्या माणसांपुढे असे एखादे दार ओढून घेता येत नव्हते. म्हणून घाटही सर्वांना सारखा मोकळा होता असे मात्र म्हणता येणार नाही. कोणी कुठे पाणी भरायचे याचे जातीचे नियम नदीकाठीही होते. गोदावरीच्या पूजेची ही उणी बाजू सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल.

स्वातंत्र्यानंतर नदीचा कारभारच बदलला. शहराच्या वरच्या अंगाला, गंगापूरजवळ, गोदावरीवर मातीचे धरण बांधले गेले आणि १९६५ मध्ये ते पूर्ण झाले. मूळ साठवण सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट (दलघफू), गाळ साचून ती आता ५,६०० दलघफूच्या आसपास आली आहे. वर काश्यपी आणि गौतमी ही धरणे झाली. नाशिक शहराचे पिणे, कारखाने आणि कालव्याखालची द्राक्षे व भाजीपाला हे सगळे या पाण्यावर उभे आहे. त्या काळातल्या अभियंत्यांचे आणि मजुरांचे ते ऋण आहे. पण धरणाने एक गोष्ट मुकाट्याने घडवली. पूर्वी रामकुंडात पाणी किती येणार हे पाऊस, डोंगर आणि झरे ठरवत. आता ते पाणी आरक्षणाच्या बैठकीत आणि विसर्गाच्या आदेशात ठरते. वर्षाच्या नियोजनात पिण्यासाठी इतके, सिंचनासाठी इतके, उद्योगाला इतके असे रकाने असतात. नदीने नदी म्हणून वाहावे यासाठी बाजूला काढलेले पाणी या वाटपात सगळ्यांच्या मागे राहते. पैठणच्या जायकवाडीसाठी वरून पाणी सोडायचे की नाही, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात २००५ च्या जलसंपत्ती कायद्यानंतर वर्षानुवर्षे दावे चालले. गोदावरी ही वाटून घ्यायची वस्तू झाली, आणि वाटणी करणाऱ्यांच्या बैठकीत खुद्द तिच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता.

काठावरही बदल झाला. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रात आणि कुंडांत काँक्रीट ओतले गेले. लाखोंची गर्दी, घसरडे तळ, चेंगराचेंगरीची भीती अशी कारणे त्यामागे होती आणि ती पोकळ नव्हती. पण कुंडाच्या तळाशी असलेले जिवंत झरे त्याखाली बुजले, अशी नदीप्रेमी नाशिककरांची तक्रार आहे. जुन्या कुंडांवरचा हा थर काढून टाकण्याची मागणी झाली आणि काही ठिकाणी तो काढलाही गेला. सांडपाणी आणि पाणवेलींच्या प्रश्नावर २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. मग आला २०१५ चा सिंहस्थ, आणि त्यात सारे अंतर्विरोध एकदम उघडे पडले. महाराष्ट्रात दुष्काळ होता, मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याचे हाल होते. २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबर या दिवशी नाशिकला शाही स्नाने व्हायची होती. स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडावे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. पर्वण्या पार पडल्या. पुढच्या एप्रिलमध्ये, सिंहस्थ अजून चालू असताना, म्हणजे गंगा-गोदावरीच्या देवळाचे दार उघडे असताना, रामकुंड कोरडे पडले. गुढीपाडव्याच्या सुमारास कुंडात टँकरने पाणी ओतावे लागले. चारच महिन्यांनी, २ ऑगस्ट २०१६ रोजी, गोदावरीला मोठा पूर आला, घाट पाण्याखाली गेला आणि नाशिककर पुन्हा पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आले ते पाहू लागले. त्यानंतर नऊ दिवसांनी ध्वजा उतरली आणि देऊळ बंद झाले. एकाच सिंहस्थात देवीने कोरडे पात्रही पाहिले आणि महापूरही.

इथे काही आक्षेप रास्तपणे घेतले जातील. पहिला असा की गोदावरी नाशकात उन्हाळ्यात पूर्वीही रोडावत असे. मग धरणाला आणि काँक्रीटला दोष कशाला? रोडावत असे हे खरेच आहे. म्हणून तर १६९६ मध्ये कुंड बांधावे लागले. चित्ररावांनी अरुंद झालेली धार अडवून साठवली. गोदावरी आटू शकते हे जुन्या लोकांना ठाऊक होते आणि त्यांनी त्यावर उपाय केला होता. तो उपाय २०१६ मध्ये निकामी ठरला, कारण वरची धार धरणात अडली होती आणि कुंडाला वरून येणाऱ्या पाण्याची कुणी तजवीज केली नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुष्काळात माणसे तहानलेली असताना स्नानासाठी पाणी सोडणे हा अविवेक आहे, तेव्हा श्रद्धा बाजूला ठेवून पाण्याचा हिशेब रोकडा ठेवावा. या आक्षेपाला चीनमध्येच एक जुने उदाहरण आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात वेई राज्यातल्या ये गावी पीतनदीच्या देवाला दरवर्षी एक मुलगी नवरी म्हणून पाण्यात सोडली जाई आणि त्यासाठी अधिकारी व भगतिणी लोकांना लुबाडत. शीमन पाओ या नव्या अधिकाऱ्याने नवरी पसंत नसल्याचा निरोप देवाला कळवण्याच्या मिषाने मुख्य भगतिणीलाच नदीत टाकले, प्रथा मोडली आणि लोकांकडून बारा कालवे खणून घेतले. ही कथा शी-ची या प्राचीन इतिहासग्रंथाच्या पुरवणीत आली आहे. कर्मकांड थांबवून कालवे खणणारा हा माणूस मला आदरणीय वाटतो. पण त्याने कालवे खणले ते नदी वाहती होती म्हणून; आणि पुढे लोकांनी त्याचीच देवळे बांधली. पाण्याची सोय करणाऱ्याला पुजणे आणि पाण्याची सोय हीच पूजा मानणे यांत फारसे अंतर नाही. तेव्हा श्रद्धा विरुद्ध हिशेब अशी मांडणी चुकीची आहे. पर्वणीच्या दिवशी तेवढ्यापुरता विसर्ग सोडणे हे श्रद्धेच्या दृष्टीनेही तोकडे आहे आणि हिशेबाच्या दृष्टीनेही उधळपट्टी आहे. उषवदाताने नाव एका पर्वणीपुरती ठेवली नव्हती. पाणपोई बारमाही होती.

तिसरा आक्षेप देवळाबद्दलचा. बारा वर्षे बंद देऊळ म्हणजे देवीची उपेक्षा, ते रोज उघडावे, मोठे करावे, असे अनेकांना मनापासून वाटते. २०२४ पासून रामकुंडावर गोदावरीची नित्य महाआरती सुरू झाली आहे आणि तिला गर्दी होते. नदीकडे लोकांचे लक्ष वळत असेल तर ते चांगलेच आहे. मात्र देऊळ बंद असतानाही माघ शुद्ध दशमीला गोदावरीचा जन्मोत्सव होत आला, दशक्रिया होत आल्या, दिवे सोडले गेले, आणि कुणाला काही अडले नाही. देवी बाहेर वाहत होती. आज दार उघडायची घाई होते आहे, याचे एक कारण हे असावे की बाहेरची देवी आता डोळ्यांना पुरेशी दिसत नाही. तसे असेल तर गाभारा मोठा करून ती उणीव भरून निघणार नाही. जीयुआनच्या देवळाची कथा मी आधी सांगितली ती एवढ्याचसाठी. तिथल्या सम्राटांनी नदीला राजा केले, पण ज्या दिवशी पात्र गेले त्या दिवशी राजेपद कामी आले नाही. तिथे नदी गेली ती दुसऱ्या नदीच्या उसळण्याने, त्यावर माणसाचा इलाज तोकडा होता. आपल्याकडे मात्र धार थांबते ती आपल्याच नियोजनाने, आणि नियोजन बदलता येते.

आता पुढचा सिंहस्थ दाराशी आहे. जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजा चढेल, मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये होतील आणि गुरू वक्री होऊन सिंह राशीत परतणार असल्याने पर्व २४ जुलै २०२८ पर्यंत लांबले आहे. म्हणजे या वेळी देवळाचे दार दोन उन्हाळे उघडे राहील. रस्ते, पूल, घाटांचे रुंदीकरण, साधुग्राम यांवर मोठा खर्च होणार आहे आणि गर्दीच्या सुरक्षेसाठी त्यातला बराचसा आवश्यकही आहे. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत गेलेले जीव विसरता येत नाहीत. माझी मागणी या खर्चाच्या मानाने फार लहान आहे. जलसंपदा विभाग, महापालिका आणि पालकमंत्री ज्या बैठकीत गंगापूर धरणाचे पाणी वाटतात, त्या बैठकीच्या तक्त्यात पिणे, सिंचन आणि उद्योग यांच्या खाली एक चौथा रकाना कायमचा घालावा: गोदावरीचा बारमाही प्रवाह. आकडा अभियंत्यांनी ठरवावा, दुष्काळात तो कमी करावा, पण शून्य करू नये. शहराचे सांडपाणी त्या प्रवाहात मिसळू देऊ नये आणि कुंडांचे तळ झऱ्यांसाठी मोकळे ठेवावेत. दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणातला साठा मोजून पुढच्या वर्षाचे आरक्षण ठरते. २०२६ मध्ये ती तारीख ध्वजारोहणाच्या बरोबर सोळा दिवस आधी येते.